विद्यापीठ : लालबागच्या बाजूने

फराळाच्या ताटाशेजारी दिवाळी अंक उघडून बसलेल्या वाचकापुढे विद्यापीठाचा विषय वाढणे, हे तसे धाडसाचेच काम. ज्यांच्या घरी परीक्षार्थी आहे त्यांच्या कपाळाला विद्यापीठाच्या नावाने आठी पडते आणि ज्यांच्या घरी नाही ते पान उलटतात. पण विद्यापीठाचे निकाल, त्याचे कुलगुरू, त्याचे घोटाळे हा माझा विषय नव्हे. मराठी साहित्याने मुंबईच्या विद्यापीठाकडे कसे पाहिले आणि ते पाहताना लालबाग-परळच्या बाजूला तोंड करून कधी पाहिले का, एवढेच मला तपासायचे आहे. हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथालयात सुचलेला नाही. तो आमच्या घरातून आला.

नारायण सुर्वे २०१० च्या ऑगस्टमध्ये गेले. पुढच्याच महिन्यात गणपती होते आणि आमच्या गल्लीतल्या मंडळाने त्यांच्यावर एक व्याख्यान ठेवले होते. वक्ते बाहेरचे होते, वाणी रसाळ होती. बोलता बोलता ते म्हणाले की, फोर्टातले विद्यापीठ पदव्या वाटते. खरे विद्यापीठ हे, इथे, तुमच्या नाक्यावर आहे. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. माझ्या शेजारी माझे चुलतभाऊ बसले होते. सारी चाळ त्यांना अण्णा म्हणते, तेव्हा मीही तेच म्हणतो. अण्णांनी हात मांडीवरून उचलला नाही. जिना चढताना मी कारण विचारले. ते म्हणाले, "नाक्यावरची शाळा मला आयती मिळाली होती रे. ती कोणी मागतं का? मला दुसरी पाहिजे होती."

अण्णा गिरणीत साचेखात्यात होते. त्यांचे वाक्य माझ्या मनात इतकी वर्षे घर करून राहिले आहे, आणि समीक्षकांनी ‘माझे विद्यापीठ’ या संग्रहावर जे जे लिहिले ते वाचताना दर वेळी ते आडवे येते. त्या वाक्याची शहानिशा करायची तर प्रथम थोडे मागे जायला हवे.

गिरणी आणि विद्यापीठ ही मुंबईची जवळजवळ जुळी भावंडे आहेत, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. १८५४ साली विलायतेतून चार्ल्स वुडचा शिक्षणविषयक खलिता आला, त्याच साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली. ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये सूत कातू लागली. विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजी झाला. भावंडांचा पैसाही एकाच पेटीतला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी गडगंज पैसा मिळवला आणि १८६४ साली विद्यापीठाला ग्रंथालयासाठी व मनोऱ्यासाठी देणग्या दिल्या. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला, पण देणगी टिकली. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. उंची २८० फूट. त्याचा नि शेजारच्या दीक्षान्त सभागृहाचा आराखडा करणारे सर गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती! एवंच, एका भावंडाची चिमणी आमच्या गल्लीत उभी राहिली, दुसऱ्याचा मनोरा ओव्हल मैदानावर. आणि दोघांच्या पायात कापूसच होता.

पुढे मात्र भावंडांची ओळख राहिली नाही. विद्यापीठ कितीतरी वर्षे मुख्यत: परीक्षा घेणारी संस्था होती, शिकवायचे ते कॉलेजांनी. १८६२ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेत रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक हे चौघे उत्तीर्ण झाले, आणि त्या चौघांतल्या दोन नावांवर महाराष्ट्राचे अर्धे शतक उभे आहे. पण भाषेचा कज्जा तेव्हाच सुरू झाला होता. शिक्षण लोकांच्या भाषेत द्यावे म्हणून गिरगावच्या नाना शंकरशेटांनी विद्यापीठ निघण्याआधीच सर अर्स्किन पेरींशी वाद घातला होता. पुढे खुद्द विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांतल्या रानड्यांना, मराठीला तिच्या परीक्षांत मानाची जागा मिळावी म्हणून आयुष्याच्या अखेरीपर्यंत खटपट करावी लागली.

या विद्यापीठाची दोन चरित्रे मी आस्थेने वाचली आहेत. एक डोंगरकेरी यांचे, शताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये निघालेले; दुसरे अरुण टिकेकर यांचे, १९८४ सालचे. डोंगरकेरी विद्यापीठाचे रजिस्ट्रार होते, त्यामुळे त्यांच्या पुस्तकाला दफ्तराचा नीटनेटकेपणा आहे. टिकेकर पत्रकार आणि संशोधक. त्यांना माणसे दिसतात, भांडणे दिसतात. दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. टिकेकरांनी आपल्या ग्रंथाचे नाव मिल्टनच्या एका कवितेतून घेतले. मराठीत त्याचा अर्थ ‘मठाचे आवार’ किंवा ‘मठाचे कुंपण’ असा काहीसा होईल. नाव मोठे मार्मिक आहे, कदाचित लेखकाला अभिप्रेत होते त्याहूनही जास्त. कुंपणाला आत आणि बाहेर अशा दोन बाजू असतात. आतल्या बाजूचा इतिहास आपल्याला मिळाला. बाहेरची बाजू ललित साहित्याने सांगायला हवी होती.

ती त्याने सांगितली का? हरिभाऊंपासून पाहू. ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू नवऱ्याबरोबर मुंबईला येते, तेव्हा प्रथमच तिला मोकळा श्वास घेता येतो. रघुनाथरावांचे मुंबईतले शिक्षण हे त्या मोकळेपणाचे निमित्त. हरिभाऊंनी त्या शिक्षणाचे फळ दाखवले, तेही बायकोच्या डोळ्यांतून. म्हणूनच ते आज शंभरांहून अधिक वर्षांनीही ताजे वाटते. फडक्यांच्या काळात कॉलेज ही कादंबरीची आवडती जागा झाली खरी, पण ती रंगमंचासारखी: पडदा उघडतो, नायक-नायिका प्रवेश करतात, प्रेम जमते, आणि अभ्यास मात्र विंगेत होतो. फडके स्वत: प्राध्यापक, तरी त्यांच्या कादंबऱ्यांत फी कोणी भरली हा प्रश्न कोणाला पडत नाही. हे मी उपहासाने म्हणत नाही. त्या कादंबऱ्या आमच्या चाळीतल्या मुलींनीही फिरत्या वाचनालयातून आणून, फाटेपर्यंत वाचल्या. त्यांना त्यात कॉलेज नव्हे, तर सुटका दिसत होती.

मग १९६३ साली ‘कोसला’ आली आणि तिने हा रंगमंच मोडून टाकला. पांडुरंग सांगवीकराचे होस्टेल, त्याची मेस, त्याचे गॅदरिंग, त्याचे नापास होणे, हे सारे इतके खरे आहे की कॉलेजजीवनावर त्यानंतर लिहिणाऱ्या प्रत्येकाला नेमाड्यांच्या सावलीतून जावे लागले. परंतु पांडुरंग पुण्याला जातो, मुंबईला नव्हे. शिवाय गावी त्याचे घर आहे, शेती आहे. शिक्षण फसले तर परत जायला एक जागा आहे. लालबागच्या मुलाला नापास होऊन जायला गिरणीखेरीज जागा नव्हती, आणि १९८२ नंतर तीही उरली नाही. पुढे हेच नेमाडे मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचे प्राध्यापक झाले, तेव्हा कालिन्याच्या आवारातून एखादी मुंबईची ‘कोसला’ निघेल अशी मला वेडी आशा होती. असो.

आश्चर्य असे की मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्याचे मराठीतले सर्वांत हृद्य चित्र मला कादंबरीत न सापडता चरित्रात सापडले. आणि तो विद्यार्थी आमच्या परळचा. सुभेदार रामजी आंबेडकरांचे बिऱ्हाड परळच्या डबक चाळीत होते. खैरमोड्यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली निघाला. धनंजय कीरांचे चरित्रही आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. कीरांनी वर्णिलेली ती एकच खोली, तिच्यातली चूल, सरपण, उशाशी जाते, पायथ्याशी शेळी, रात्री दोन वाजेपर्यंत जागून मुलाला अभ्यासाला उठवणारा बाप, हे वाचताना आम्हा चाळकऱ्यांना काही समजावून सांगावे लागत नाही. ते आम्हाला घराच्या मापाने कळते. तोच मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजात गेल्यावर तिथल्या हॉटेलवाल्याने त्याला चहा-पाणी दिले नाही, आणि तिथल्याच मुल्लर नावाच्या प्राध्यापकांनी पुस्तके दिली. चरित्रकाराने ही दोन वाक्ये जवळजवळ लिहिली, त्यांवर भाष्य केले नाही. कॉलेजच्या आवाराचे याहून पुरे वर्णन कोणत्या कादंबरीकाराने केले आहे?

त्या विद्यार्थ्याने पुढे काय केले हेही अण्णांच्या वाक्याच्या संदर्भात पाहण्यासारखे आहे. विद्यापीठ वाईट, नाका बरा, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठाच्या कायद्याची दुरुस्ती आली, तेव्हा त्यांनी सिनेटवर मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी हवेत असा आग्रह धरला. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा वर्ग सकाळी भरवले, म्हणजे नोकरी करणाऱ्याला दहाच्या आत शिकून कामावर जाता यावे. कुंपण पाडता येत नसेल तर त्याला दार पाडावे, आणि दार उघडायची वेळ गरिबाच्या सोयीची असावी. ही त्यांची रीत.

आता सुर्व्यांकडे. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ चा, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चा. संग्रहाच्या नावाची कविता म्हणजे रस्त्यावर वाढलेल्या मुलाने दिलेला एक जबाब आहे: माणसांनी, कामाने आणि या शहराने मला काय शिकवले ते ऐका. तिची ताकद वादातीत आहे. मराठी कवितेत कामगार याआधीही होता, पण त्याच्याविषयी कोणी दुसरा बोलत असे. इथे तो स्वत: बोलला. मात्र नाव वाचून आपण एक सोपा निष्कर्ष काढला आणि त्यातच रमलो. गॉर्कीच्या आत्मकथेच्या तिसऱ्या भागाचे नावही ‘माझी विद्यापीठे’ असेच आहे, हे आपले समीक्षक आवर्जून सांगतात. पण ती कथा कशी सुरू होते हे सांगायला विसरतात. गॉर्की सोळाव्या वर्षी कझानला गेला तो खऱ्या विद्यापीठात शिकायला! ते जमले नाही, पाव भाजायच्या भट्टीवर राबावे लागले, म्हणून त्याने भट्टीला विद्यापीठ म्हटले. त्या नावात अभिमान आहे तितकाच एक जुना चटकाही आहे.

सुर्व्यांच्या नावातही तो आहे असे माझे मत आहे, आणि त्याला पुरावा त्यांच्या आयुष्याचाच आहे. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने रस्त्यावर सापडलेले ते मूल वाढवले. मुलाने लहानपणीच मिळेल ते काम केले, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून नोकरी धरली. नाका हेच खरे विद्यापीठ असे त्यांना वाटत असते तर ते तिथेच थांबले असते. पण त्यांनी वय वाढल्यावर सातवीची परीक्षा दिली, आणि ज्या शाळा खात्यात घंटा वाजवली त्याच खात्यात मास्तर झाले. शिपायाचा मास्तर होणे, हे फोर्टातल्या पदवीदानाहून लहान कसे म्हणावे? तेव्हा ‘माझे’ या शब्दावर जोर देऊन ती कविता पुन्हा वाचावी. मला तुमचे विद्यापीठ नको, असे ती म्हणत नाही. विद्यापीठ हा शब्द एकट्या तुमच्या मालकीचा नाही, असे ती म्हणते. या दोन वाचनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले वाचन व्याख्यात्यांना सोयीचे. त्याने आम्हाला टाळ्या मिळतात आणि विद्यापीठाला काहीच करावे लागत नाही. दुसऱ्याने विद्यापीठाच्या दाराशी एक मागणी येऊन उभी राहते. मंडपात अण्णांचा हात उचलला गेला नाही तो कवीसाठी नव्हे, या पहिल्या वाचनासाठी.

सुर्व्यांनंतर काय? नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ चे. वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्टच्या वसाहतीतून रुईया कॉलेज, मुंबई विद्यापीठ आणि मग अमेरिका, असा तो प्रवास. बापाचे व्यक्तिचित्र अप्रतिम. त्याच्या बोलीत जी धग आहे ती विसरता येत नाही. पण बाप जितका जिवंत, तितके विद्यापीठ नाही. ते लेखकाने जिंकलेल्या गडांपैकी एक गड म्हणून येते आणि मागे पडते. जयंत पवारांचे ‘अधांतर’ १९९७ चे. संपानंतरची गिरणगावातली एक खोली, आई, भावंडे, आणि लेखक होऊ पाहणारा थोरला बाबा. पवार आमच्याच भागातले, त्यांना त्या खोलीतली हवासुद्धा पाठ होती. बाबाला लिहायला त्या खोलीत कोपरा नाही, हे पाहताना मला गलबलून आले होते. नाटक संपानंतरचे आहे, तेव्हा शिकण्याचा काळ त्यात यायचे कारण नव्हते, आणि तो नाही म्हणून नाटकात काही उणे राहिले असे मी म्हणणार नाही. तरीही प्रेक्षागृहातून उठताना मला वाटून गेले की, या बाबाची वीस वर्षांपूर्वीची गोष्ट कोणीतरी लिहायला हवी होती.

कारण असे बाबा आमच्याकडे घरटी नसले तरी चाळीगणिक होते. काही दादरच्या नि माटुंग्याच्या कॉलेजांत सकाळी जात, दुपारी कचेरीत कारकुनी करीत. काहींनी रात्रशाळेतून एस. एस. सी. गाठली. गावकरी मंडळाच्या खोल्यांत पंचवीस-तीस माणसे पाळीपाळीने झोपत, तिथे दिवा लावून वाचायचे म्हणजे दिवसपाळीवाल्याची झोप मोडायची. मग हे लोक जिन्यात, गॅलरीत, देवळाच्या कट्ट्यावर वाचीत. गंमत अशी की विद्यापीठ तेव्हा आमच्यापासून फार लांब होते असेही नाही. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाला जोडलेले गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ पासूनचे, मुंबई विद्यापीठाशी तेव्हा संलग्न. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ साली निघाली ती गिरण्यांना तंत्रज्ञ मिळावेत म्हणून, आणि माटुंग्याला जाईपर्यंत, १९२३ पर्यंत, ती भायखळ्याला होती, म्हणजे आमच्यापासून चालत जाण्याजोगी. आम्ही के. ई. एम.ला केसपेपर काढायला रांगेत उभे राहात होतो. पांढरा कोट घालून जाणारी मुले आपल्या वयाची आहेत आणि ती विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत, हे मनात येत नसे.

अण्णांच्या वेळी आणखी एक दार उघडले. १९७१ साली मुंबई विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. अण्णा तेव्हा बदली कामगार होते, रात्रपाळी मिळे. पहिल्या काही तुकड्यांत त्यांनी बी. ए.ला नाव घातले. पाठ टपालाने येत. खोलीत कोणी नसले तर पोस्टमन ते खालच्या किराणा दुकानात ठेवी आणि दुकानदार त्यावर तेलाचा हात लावून अण्णांच्या स्वाधीन करी. त्या पाठांचे छापील कागद मी पाहिले आहेत. अर्थशास्त्राच्या पाठाच्या समासात अण्णांनी पेन्सिलीने आपल्या खात्यातल्या मजुरीचे हिशेब मांडले होते. पुस्तकातला मजुरीचा सिद्धान्त गिरणीत लागू पडतो का ते पाहायला. बहुधा पडला नसावा, कारण पुढे मोठे प्रश्नचिन्ह आहे. ते दुसऱ्या वर्गात पास झाले. पदवीदानाला खाडा करावा लागला असता म्हणून गेले नाहीत. पदवीही टपालानेच आली. नंतर एका रविवारी ते एकटेच ओव्हल मैदानावर जाऊन टॉवरकडे बघत बसले आणि चर्चगेटहून गाडीने परत आले. आत का गेला नाहीत असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "रविवारी बंद असतं."

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. अण्णांनी त्यानंतर त्याच किराणा दुकानात वह्या लिहिल्या आणि संध्याकाळी चाळीतल्या पोरांना गॅलरीत बसवून शिकवले. यावर कोणी कथा लिहिली तर ती करुण करील अशी मला भीती आहे. अण्णा करुण नाहीत. फार हट्टी आहेत, मुलांच्या शुद्धलेखनावरून ओरडतात, आणि मराठीत मजुरीच्या सिद्धान्तावर धड पुस्तक नाही म्हणून अजून तक्रार करतात.

आता चिमण्या गेल्या. त्यांच्या जागी जे उभे आहे ते राजाबाई टॉवरहून कितीतरी उंच आहे. फोर्टातले विद्यापीठ २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि टॉवरची डागडुजीही चांगली झाली आहे. हा लेख लिहायचे ठरल्यावर मी अण्णांकडे ते जुने पाठ मागितले. ट्रंक काढायला दोघांना लागावे लागले. आत पदवीचा कागद होता, गिरणीचा पास होता, आणि ‘माझे विद्यापीठ’ची जुनी प्रत. मी ती उघडली तर खुणेसाठी बी. ए.च्या परीक्षेचे प्रवेशपत्र घातलेले. मी पान पाहायला गेलो, तशी त्यांनी पुस्तक हातातून काढून घेतले आणि पाठ पुढे केले. "हे ने," म्हणाले, "पण मोजून ने. बावीस आहेत. चौथा नाही. तो तू कॉलेजात असताना नेला होतास."